उजवा हात, तोंडापर्यंत

फॉर्मवर एकवीस प्रश्न होते.
दंतशाखेच्या रीमने ते जेवणाच्या सुट्टीत वाटले,
फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आम्हाला.
'नाव लिहायचं नाही, पण खरं लिहा,' म्हणाली.

दिवसातून किती वेळा दात घासता?
मी 'दोनदा'वर खूण केली.
शेजारच्या अन्सिलाने माझं बघून केली,
तिच्या मागच्या उमरने तिचं बघून.
रास अल खैमातला एक अख्खा वर्ग त्या दुपारी
बसल्या जागी दोनदा दात घासून मोकळा झाला.

ब्रश शेवटचा कधी बदलला?
आईने चिपळूणहून निघताना बॅगेत कोंबलेला,
फेब्रुवारीतला. आता सप्टेंबर.
त्याचे केस चहूकडे पांगलेत,
वाळूच्या वाऱ्यात उभ्या खजुरीसारखे.
हिरड्यांतून रक्त येतं का?
'माहीत नाही' असाही पर्याय होता.
ज्याने ठेवला त्याचं भलं होवो.

माहितीचे प्रश्न मात्र सगळे बरोबर आले.
कीटण कशाचं, फ्लोराइड कशाला,
जबड्याचा सांधा कसा सरकतो, कुठे अडकतो:
तो तर मला तोंडपाठ.
तोंडच तेवढं बघायचं राहून गेलं.

रात्री दीड वाजता मणक्यांच्या नसा घोकताना
खालच्या कॅफेटेरियातून करक येतो,
कागदी पेल्याच्या तळाशी न विरघळलेली साखर.
मग तसंच आडवं व्हायचं.
इथे थंड पाण्याचा नळही गरमच वाहतो,
चूळ भरली तरी आणखी एक चहा घेतल्यासारखी.

बुधवारी ओपीडीत दाद करीम.
जाळी विणायचे. होडीवरून पडले, उजवं कोपर मोडलं,
हाड जुळलं, सांधा आखडला.
'घरी व्यायाम केलात?'
'दिवसातून दोनदा,' ते म्हणाले.
मी कोनमापक लावला. अठ्ठ्याण्णव.
मागच्या बुधवारीही अठ्ठ्याण्णव.
मी पुन्हा विचारलं नाही.
त्यांचं 'दोनदा' माझ्या ओळखीचं होतं,
त्याच्यापुढे निळ्या शाईची खूण होती.

त्यांच्या फाइलवर ध्येय त्यांनीच सांगितलेलं.
लोक म्हणतात वजन उचलायचंय, गाडी चालवायचीय.
हे म्हणाले, मिस्वाक उजव्या हाताने करायचाय.
खिशातून काडी काढून दाखवली,
टोक चावून मऊ केलेलं,
आणि डाव्या हाताने घासू लागले,
पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात दिवा शोधावा तसे.
'हा हात नवा आहे, पोरी, याला मागच्या दाढा सापडत नाहीत.'

आमच्याकडे कोपराला गूळ लावतात,
जे मिळणार नाही त्याची आस दाखवायला.
यांच्या कोपराला स्वतःचं तोंडच लावलंय कुणीतरी.

शनिवारी रीमच्या खुर्चीत मी.
तिला सरावाला माणसं हवीच होती.
ती सळई फिरवत आकडे सांगत गेली,
तीन, दोन, चार, चार,
मी अंश सांगते त्याच आवाजात.
मग गप्प झाली, आरसा माझ्या हातात दिला.
दाताच्या कडेला लाल रेघ.
तिने फॉर्मची आठवण काढली नाही.
काढली असती तर बरं झालं असतं.

परतताना बकाल्यातून दोन ब्रशांचं पाकीट घेतलं,
एकावर एक फुकट.
जुना अजून टाकलेला नाही, बूट घासायला होईल.
बेसिनपाशी उभी राहिले, हात वर नेला.
किती सहज पोचतो.
इतका सहज, की कुणी कधी मोजलंच नाही.

या बुधवारी दाद करीम एकशे चारवर आले.
काडी उजव्या मुठीत धरली,
मान पुढे काढली, दात विचकले,
घाम आला.
ओठ आणि काडीमध्ये चार बोटं उरली.
मी म्हणाले, 'मान आणू नका पुढे,
हातालाच येऊ द्या.'
ते हसले, मला त्यांच्या दाढा दिसल्या,
माझ्यापेक्षा चांगल्या.